इंडियमची साय

तीस वर्षं मी युरेनियम वितळवतोय. पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या आमच्या प्रयोगशाळेत डिग्री नसलेला मी एकटाच. म्हणून सगळे मला मिस्त्री म्हणतात आणि माझं ऐकत कोणी नाही.

आमचं युरेनियमचं संयुग एक केल्विनपर्यंत, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत, गार केलं की त्यातून वीज विनारोध वाहते. त्यातला एक धातू थोडा बदलून ही अतिवाहकता आणखी वरच्या तापमानाला आणायची, या ध्यासाने प्रोफेसर गव्होर्स्की पछाडले होते. पाच टक्के बदललेला तुकडा त्यांच्या विद्यार्थिनीने, दोब्रोखनाने, मोजला. तीन पूर्णांक चार अंशाला रोध धाडकन शून्य झाला. ईस्टरआधीच्या उपवासकाळापूर्वीचा गुरुवार होता, सगळे पोंच्की खातच होते. तेवढ्यात ते तळलेले गोड गोळे प्रोफेसरांच्या शोधाचे पेढे झाले.

मी तुकडा भिंगाखाली धरला. मोजणीच्या तारा इंडियम या मऊ धातूने चिकटवलेल्या, आणि ते इतकं दाबलेलं की दोन तारांमध्ये त्याची साय पसरलेली. इंडियम स्वतःच तीन पूर्णांक चारला अतिवाहक होतं. हे आमच्या फरशीलाही ठाऊक आहे.

मी बोललो. मिशीतल्या साखरेसकट प्रोफेसर हसले. "मिस्त्री, तुम्ही वितळवा. विचार करायला आम्ही आहोत."

दोब्रोखनाची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती. याच आकड्यावर तिची डॉक्टरेट उभी होती. गप्प बसली असती तर मीही तिला दोष दिला नसता. तिने साय खरवडली, चांदीच्या लेपाने तारा पुन्हा चिकटवल्या. शून्य गायब. अतिवाहकता मेली होती, आणि नऊ अंशाला आलेखाला बाक आला होता. तिथे चुंबकत्व जागं होत होतं. खरा शोध तो.

प्रोफेसर म्हणाले, हा बाक म्हणजे भेसळ आहे, मिस्त्रीची भट्टी घाण आहे. म्हणजे साय हा शोध आणि सत्य हा माझा मळ.

"दोन्ही आलेख छापू, सर," ती म्हणाली. "खाली तारा कशाने चिकटवल्या तेही लिहू."

असल्या किरकोळ गोष्टी लिहीत नसतात, असं तिला सांगण्यात आलं. तिने प्रबंधात लिहिल्या. प्रबंध वर्षभर अडकला. जूननंतर ती शिकवण्या घेऊन राहिली.

पुढच्या वर्षी त्याच गुरुवारी प्रोफेसरांनी व्याख्यान दिलं. त्यात नऊ अंशाचं चुंबकत्व त्यांनी शोधलेलं. इंडियमची चूक एका विद्यार्थिनीची.

प्रबंधाच्या परीक्षकाने फक्त तिची मोजणीची वही मागितली. प्रत्येक पानावर तारीख होती. डॉक्टरेट तिला मिळाली, शोध प्रोफेसरांकडेच राहिला.

त्या संध्याकाळी ती भट्टीपाशी पोंच्कींचा खोका घेऊन आली.

"घ्या, मिस्त्री. भेसळीचे आहेत."

मी दोन खाल्ले.