ऑपरेटरबाईंचं मशीन

"गेली," दाजी मशीनच्या मागून म्हणाले.

"काय गेलं?"

"पिक्चर ट्यूब. पार गेली."

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, त्या लाकडी व्हिडिओ गेमच्या मशीनच्या पोटात खांद्यापर्यंत शिरले होते. एक हात आत, दुसरा पाठीमागे. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये वीज साठून राहते, दोन्ही हात घातले तर माणूस कायमचा आडवा होतो, म्हणून त्यांची ही शिस्त. ती इतकी अंगवळणी पडलेली की लग्नाच्या फोटोतसुद्धा एक हात मागेच आहे. ताई म्हणते, मला वाटलं काहीतरी लपवतायत.

"कधीपासून कानीकपाळी ओरडतोय मी," मी म्हणालो. "हे जुनं धूड काढा आणि तिथे माझं बसवा."

माझं म्हणजे मल्टिगेम. मी स्वतः बनवतो. वर सपाट स्क्रीन, आत छोटा कॉम्प्युटर, आणि त्यात शेकड्यांनी जुने खेळ. ट्यूब जळायची भानगड नाही की सुटे भाग शोधत भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवायला नकोत. दाजींच्या गेम पार्लरमध्ये एके काळी सगळी मशीनं अस्सल होती. एका मशीनमध्ये एकच खेळ, त्याचाच सर्किट बोर्ड, त्याचीच काच. एकेक मेलं, तसं त्याच्या जागी माझं आलं. आज पार्लर चालतं ते माझ्या मशीनांवर. पण दाजींच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघेल तर शपथ.

"तुझी पेटी म्हणजे लॉज रे," ते नेहमी म्हणायचे. "सगळे येऊन राहतात, घरचं कोणी नाही."

"आणि तुमची म्हणजे वृद्धाश्रम," मी म्हणायचो. असं आमचं चालायचं.

त्या दिवशी मात्र त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. तिथेच प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं. हे त्यांचं शेवटचं अस्सल मशीन होतं, आणि ताईशी बोली झालेली होती: शेवटचं मेलं की हट्ट सोडायचा, जागा मोकळी करायची. तसली ट्यूब आता कोणी बनवत नाही. जी एक कुठूनतरी पैदा केली होती, तीच ही, आत्ता गेलेली.

"ऑपरेटरबाईंना काय सांगू?" दाजी फडक्याला हात पुसत म्हणाले.

ऑपरेटरबाईंचं आयुष्य हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर गेलं. तरुणपणी ड्यूटी सुटली की त्या इथे यायच्या आणि ह्याच मशीनवर विमानं पाडायच्या. पुढे काचबिंदूने नजर हळूहळू गेली, पण खेळ काही सुटला नाही. विमानं नेहमी ठरलेल्या क्रमाने येतात. कुठल्या शिट्टीमागून काय येणार, तेव्हा आपण कुठे असायला हवं, हे बाईंच्या हातांना पाठ झालेलं. दर गुरुवारी यायच्या. मला सुरुवातीला हे सोंग वाटायचं. एकदा मी त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला, तर खेळता खेळता म्हणाल्या, "हात खाली घ्या, वारा लागतोय."

"तुझा डबा ह्याच्यात बसव," दाजी शेवटी म्हणाले. "बाहेरून सगळं तेच राहू दे. दांडा तोच, बटणं तीच, स्पीकर तोच. बाईंना कळता कामा नये."

एरवी मी गावभर पेढे वाटले असते. पण त्यांनी जुना बोर्ड ज्या हळुवारपणे काढून मऊ चादरीत गुंडाळला, ते बघून मी आपला डबा आणायला निघालो.

गुरुवारी बाई आल्या. काठी मशीनला टेकवली, पर्स बाजूच्या खिळ्याला अडकवली आणि खेळायला लागल्या. पहिल्याच फेरीत मेल्या. हसल्या, पुन्हा टोकन टाकलं. पुन्हा तेच. त्यानंतर पुन्हा. दाजी मागे उभे होते.

बाईंनी दांडा सोडला. रुमालाने बोटं पुसली, एकेक करून.

"भाऊ, माझे हात गेले हो," त्या म्हणाल्या. "आवाज कळेपर्यंत उशीर झालेला असतो. डोळे गेले तेव्हा म्हटलं होतं, असू दे, हात तर आहेत. असो. म्हातारपण कोणाला चुकलंय?"

त्यांनी खिळ्यावरून पर्स काढली. पुढच्या गुरुवारी येते, असं म्हणाल्या नाहीत.

खरं कारण मला ठाऊक होतं. माझ्या मशीनमध्ये बटण दाबल्यावर आवाज किंचित मागून येतो. अगदी किंचित. बघणाऱ्याचं लक्ष चित्रात असतं, त्याच्या गावीही नसतं. इतकी मशीनं विकली, एकाची तक्रार नाही. आणि आता गप्प राहिलो असतो तर तेही कोणाला कळलं नसतं. पण मी ते दाजींच्या कानात सांगितलं.

"बसा, बाई," दाजी म्हणाले. "तुमचे हात ठणठणीत आहेत. मशीन खोटं आहे."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आडपडदा नाही, माझ्यावर ढकलणं नाही. "तुम्ही यायचं बंद कराल, ह्याची भीती वाटली," ते म्हणाले. "म्हणून बोललो नाही. चुकलंच माझं."

बाई ऐकून घेत होत्या. इतकी वर्षं लोकांचे फोन ऐकलेली बाई ती, मध्ये बोलली नाही.

"जुन्यात नेमकं काय बिघडलंय?" त्यांनी विचारलं.

"पिक्चर ट्यूब."

"म्हणजे चित्र?"

"हो."

"आणि आवाज?"

"आवाजाला काय धाड भरलीय? पहिल्यासारखा आहे."

"मग भाऊ," बाई म्हणाल्या, "मला चित्र कशाला हवंय?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी गल्ल्यावर बसलेल्या ताईकडे पाहिलं. चित्र नाही म्हणजे मशीन मेलं, हे आमच्या धंद्यात इतकं पक्कं की दोघांच्याही डोक्यात दुसरा विचार शिरलाच नव्हता.

"दोघांत मिळून चार डोळे," ताई म्हणाली, "आणि अक्कल बघा."

माझा डबा बाहेर निघाला. स्वतःचा माल उचकटताना मला प्रथमच हलकं वाटलं. मी बॅटरी धरली, दाजींनी जुना बोर्ड जागेवर बसवला. ताईने बाईंना चहा दिला.

"आणि आपलं ठरलं होतं ते?" दाजींनी तिला भीत भीत विचारलं. "शेवटचं मेलं की जागा मोकळी करायची?"

"मेलंय कुठे?" ताई म्हणाली. "राहू दे तिथेच."

बाई पुन्हा उभ्या राहिल्या. काच काळी ठिक्कर, आणि त्या काळ्या काचेसमोर त्यांचा हात डावीउजवीकडे लवत होता, बटणावरची बोटं थांबत नव्हती. एक गिऱ्हाईक आत डोकावलं. "हे बंद आहे का?"

"चालू आहे," दाजी म्हणाले. असा ताठ आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. ह्या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली, पण त्या क्षणी माणूस म्हणून तो मला फार मोठा वाटला, हे इथे सांगूनच टाकतो.

खेळ लांबत गेला. एरवी दाजी बाईंच्या खांद्यावरून बघत उभे राहायचे. आज बघण्यासारखं काही नव्हतं. थोडा वेळ चुळबुळत राहिले, मग त्यांना राहवेना.

"बाई, कितव्या फेरीत आहात?"

"गप्प बसा जरा, भाऊ. ऐकू द्या."

मी उठलो, आणि पार्लरभर फिरून माझ्या मशीनांचे आवाज एकेक करून बंद केले.