बुटक्या उंटाचं फुस्स

इस्त्रीकाका म्हणजे हट्टाचा अर्क. गुडघ्यांनी दगा दिला तसं त्यांनी दुकान विकलं, वृद्धाश्रमात खोली ठरवली आणि चिंगीला सांगितलं ते टेम्पो बोलावून झाल्यावर. चिंगी आता दवाखान्यात मुख्य नर्स होती, भल्याभल्या डॉक्टरांना धाकात ठेवायची. पण काकांपुढे तिची डाळ शिजेना. छोट्या लेकीला घेऊन ती सकाळीच दुकानात येऊन धडकली होती.

"ना रक्ताचा, ना नात्याचा. तुझ्या संसारात माझी अडगळ कशाला?" काका रिकाम्या फळ्या पुसत म्हणाले. दुकान गेलं तरी फळ्या पुसणं सुटत नव्हतं.

"आणि माझी अडगळ तुम्ही सांभाळलीत ती?"

खरंच होतं ते. वडिलांना तिने फोटोतच पाहिलं होतं. शाळा दुपारी सुटायची आणि आई कारखान्यातून यायची दिवेलागणीला. मधला सगळा वेळ चिंगी इथे, चादरींच्या गठ्ठ्यावर. काकांनी तिला पाढे शिकवले, तापात उचलून दवाखान्यात नेलं आणि कपडे इस्त्री करता करता बुटक्या उंटाची गोष्ट सांगितली. रोज तीच. आपण आज जे काही आहोत ते या माणसामुळे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ते बोलायला गेलं की काका विषय बदलत.

मोठ्यांचं वाजलेलं पाहून लेकीने सूत्रं हातात घेतली.

"आजोबा, भांडू नका. मी गोष्ट सांगते. एक होता बुटका उंट. त्याला भिंतीपलीकडचं दिसायचंच नाही. फुस्स! मग तो गेला जिराफाकडे. फुस्स! म्हणाला, थोडी उंची उसनी देता का? फुस्स!"

"हे मधेमधे फुस्स काय गं?"

"उंट दमतो ना! एवढंही माहीत नाही?"

"गोष्टीत आहेच ते," चिंगी म्हणाली. "तुम्हीच तर सांगायचात."

"अगं वेडे, ती इस्त्रीची वाफ! वाफ सुटली की मी बोलायचा थांबायचो!"

काका पोट धरून हसले. चिंगीलाही हसू आवरेना. इतकी वर्षं तिने त्या उंटाला उगाच दमवलं होतं. लेकीला मात्र हे मुळीच पटलं नाही. फुस्स नसेल तर उंटच खोटा, असं तिने ठणकावलं.

हसता हसता काका फळीला धरून हळूच स्टुलावर बसले.

"रोज सांगतेस हिला?"

"रोज. त्याशिवाय झोपतच नाही." चिंगी त्यांच्याजवळ सरकली. "काका, तुमच्या इस्त्रीची वाफसुद्धा माझ्या घरात नांदतेय, तुम्हीच तेवढे बाहेर. उपकार फेडायला नाही बोलवत मी. बाप घरात असावा असं वाटतं, म्हणून बोलावते."

बाहेर टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरने ट्रंक उचलून मागे चढवली आणि घाम पुसत विचारलं, "आजोबा, वृद्धाश्रमच ना?"

काकांनी हातातल्या फडक्याची नीट घडी घातली.

"पत्ता बदललाय," ते म्हणाले. "माझ्या नातीला विचारा."