वरच्या डेकवरचं बोरन्हाण

बोटीवरच्या आमच्या खोलीच्या दारावर मोठ्या भाऊजींचं नाव होतं. 'श्री. ज्ञानोबा व सौ. सुकन्या', खाली 'उदगीर'. सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात कमळ. बियाणं कंपनीने यादी जुनीच छापली होती.

भाऊजी श्रावणात गेले. दुकानात गोण्या उतरवून घेता घेता छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. पण सोयाबीनचं टार्गेट त्यांनी जूनमध्येच पूर्ण केलं होतं, आणि टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरला मेकाँग नदीवर सपत्नीक क्रूझ, असं कंपनीने तेव्हाच जाहीर केलं होतं. जानेवारीत तारीख आली. भाऊजींच्या जागी माझे मिस्टर, रविकिरण गेले. सुकन्याताईंच्या जागी मी.

ताईही आल्या. शिवन्याला सांभाळायला. माझी मुलगी तेव्हा पावणेदोन वर्षांची होती आणि मला 'आई' म्हणायच्या आधी तिने ताईंना 'मोठाई' म्हटलं होतं. ताईंना मूल नाही. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई त्यांच्या समोरच बोलल्या, "जाऊ दे तिला. लेकराला तिचा लळा हाय. नीट सांभाळलं तर राहील घरात. न्हाई तर चाकूरला भावाकडं जागा हायच की."

ताई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

मी नंतर हळूच म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका. आल्यावर मी बोलते आईंशी. तुम्ही कुठं जायचं नाही."

"तू म्हणतीस तर राहीन बाई," त्या म्हणाल्या. ताईंनी राहावं, असं तेव्हा मला खरंच वाटत होतं.

आमची खोली वर, बाल्कनीची. ताईंची सगळ्यात खाली. खिडकीला पाणी टेकलेलं. पहिल्या दिवशी शिवन्याला कडेवर घेऊन त्या वर आल्या आणि आमच्या दारापाशी थबकल्या. पाटी वाचली. पदराच्या टोकाने 'ज्ञानोबा'वरची धूळ पुसल्यासारखं केलं. धूळ नव्हतीच.

"उतरताना ही मला देशील का गं?"

"देते की," मी म्हणाले.

सुखच होतं तिथं. शहर मागं पडलं की काठावर पपईची झाडं, वीटभट्ट्या, तरंगती घरं, घराखाली जाळ्यात मासे. किनाऱ्यावरून फिरून आलं की बोटीवरची पोरं लिंबाच्या वासाचे गार टॉवेल हातात द्यायची. आमची डीलर मंडळी रेलिंगला टेकून बसायची. परभणीचे एकजण रोज म्हणायचे, "आपल्या गोदावरीला एवढं पाणी असतं तर?" त्यावर नांदेडचे ठिबकवाले मकसूदभाई म्हणायचे, "तर मी काय विकलो असतो, काका? होड्या?"

मी रेलिंग मोजून ठेवलं होतं. दोन गजांमधलं अंतर एक वीत आणि दोन बोटं. शिवन्याचं डोकं त्यातून जात नव्हतं, पण मी तरी तिला तिथं उभं राहू देत नव्हते. मी लातूरला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंय. पाणी मी किटलीत उकळून घ्यायचे. द्राक्षाचे चार तुकडे करायचे. लेकराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, याचे तीन व्हिडिओ फोनमध्ये साठवून ठेवले होते. आठवड्यातून एकदा बघायचे. ताई हसायच्या. "दीपा, तू लेकरू सांभाळतीस का बाँब?"

शिवन्या रात्री त्यांच्याकडेच झोपायची. माझ्याकडे झोपली की रडायची. बाल्कनीच्या त्या भल्यामोठ्या पलंगावर मी जागी असायचे. खाली माझी मुलगी पाण्याच्या पातळीला दुसऱ्या बाईच्या कुशीत झोपलीय, हे मला सहन होत नव्हतं. हे कुणाला बोलले नाही.

चौथ्या दिवशी संक्रांत होती. देगलूरच्या नागम्माकाकूंचा सगळ्या बायकांवर दरारा. त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं: बोटीवर शिवन्याचं बोरन्हाण करायचं. भाकरीच्या डब्याखाली दोन किलो गावरान बोरं लपवून आणली होती, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, सगळं. "विमानवाल्यानं विचारलं, ह्ये काय? म्हणलं, औषध हाय बाबा," असं सांगून त्या स्वतःच हसायच्या.

हलव्याचे दागिने ताईंनी केले. तीन रात्री खालच्या खोलीत बसून एकेक दाणा ओवला. मुकुट, हार, बाजूबंद, पायातले वाळे. दुपारी त्यांनीच शिवन्याला काळा फ्रॉक घातला, दागिने चढवले आणि वर घेऊन आल्या. डेकच्या काचेच्या दारापाशी नागम्माकाकूंनी मुलीला त्यांच्या कडेवरून काढून घेतलं.

"सुकन्या, तू आतच बस माय. वाईट वाटून घेऊ नको. लेकराचं कार्य हाय."

"हाव, बसते की," ताई म्हणाल्या. "मुकुट तेवढा सांभाळा. सैल हाय."

दार सरकलं. ताई काचेच्या आत, आम्ही बाहेर. मी बोरांचं ताट उचललं. बोलता आलं असतं.

पाटावर बसवल्यापासून शिवन्या रडायला लागली. बायकांनी ओंजळी भरून बोरं-चुरमुरे तिच्या डोक्यावरून ओतायला सुरुवात केली, तशी ती काचेकडे हात करून ओरडली, "मोठाई! मोठाई!"

"अगंबाई, आईपाशी असून जावेला हाका मारायली," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. मकसूदभाईंच्या जोहराभाभी बाजूच्या खुर्चीवर बसून फोनवर शूटिंग करत होत्या. त्याही हसल्या.

माझे कान तापले. मी पाटापाशी गुडघ्यावर बसले. "ए शिवू, इकडं बघ. आईकडं बघ ना." ती बघेना. काचेच्या आत ताई उभ्या राहिल्या होत्या, हाताने खुणा करून तिला गप्प करत होत्या. आणि त्यांच्या खुणेने ती गप्प होतही होती.

मी फ्रॉकवरचं एक बोर उचललं आणि तिच्या तोंडात घातलं. अख्खं. बीसकट. तिने माझ्याकडे बघावं म्हणून.

तिने बघितलं. मग तिचा आवाज बंद झाला. बायकांना वाटलं, आईपाशी गप्प झाली. कुणी टाळ्या वाजवल्या. तिचे ओठ निळे पडले तरी माझ्या लक्षात येईना. म्हणजे लक्षात आलं होतं, पण हात हलत नव्हते. तिन्ही व्हिडिओ माझ्या डोळ्यांपुढे सुरू होते आणि मी पाटापाशी गुडघ्यावरच.

दार सरकल्याचा आवाज आला. ताईंनी नागम्माकाकूंना खांद्याने बाजूला लोटलं, शिवन्याला उचलून मांडीवर पालथी घातली, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळव्याने मारलं. एक. दोन. तीन. हलव्याचा हार तुटून दाणे डेकभर उडाले. चौथ्याला बोर बाहेर पडलं. शिवन्या रडली.

मग नागम्माकाकू म्हणाल्या, "अय्यो, आतून टक लावून बघायली होती गं ही. तवाच माझ्या मनात आलं."

खाली कंपनीची मीटिंग चालू होती. तिथून रविकिरण धावत वर आले. "काय झालं? बोर कुणी दिलं हिला?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी शिवन्याला घ्यायला हात पुढे केले. ती आली नाही. तिने दोन्ही मुठींत ताईंचा पदर धरला होता आणि तोंड त्यांच्या मानेत खुपसलं होतं.

"ताईंनी," मी म्हणाले. "खाली तयार करताना दिलं असेल. मुठीत घेऊनच आली होती ती."

ताईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग परत शिवन्याची पाठ चोळायला लागल्या.

"वैनी, एवढी अक्कल न्हाई तुम्हाला?" रविकिरण ओरडले. "हिला द्राक्षसुद्धा कापून देते ती. आणि तुम्ही आख्खं बोर?"

"चुकलं भाऊजी," ताई म्हणाल्या.

त्या रात्री शिवन्या आमच्या पलंगावर झोपली. म्हणजे रडून रडून निपचित पडली.

सकाळी नाश्त्याला जोहराभाभी माझ्या शेजारी येऊन बसल्या. फोन टेबलावर ठेवला. "भाभी, इसमें सब आया है. तुमारा हात बी. भैया कू दिखाऊं क्या?"

मी म्हणाले, "नक्को भाभी. डिलीट करा."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "उसने तुमारी बच्ची बचाई ना गे?"

"मला माहितीये. डिलीट करा. पाया पडते तुमच्या."

"मेरे से नै होता," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे सरकवला. "तुमीच करो."

मी केलं. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि उठून गेल्या. उरलेले तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर रविकिरणनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू काय म्हणतीस? ठिवायची का हिला?"

ताई दारात बॅग घेऊन उभ्याच होत्या, अजून खोलीत नेली नव्हती. शिवन्या त्यांच्या पायाला बिलगलेली. मला एवढंच म्हणायचं होतं, ठेवा. दोन अक्षरं.

"लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे, आई," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा भाऊ जीप घेऊन आला. मी बॅग उचलू लागले तर ताईंनी हात धरला. "मी काचेतून सगळं बघितलं, दीपा. भिऊ नको, बोलणार न्हाई. बोलून कोण ऐकतंय? एवढंच कर. ऐतवारी फोन करत जाईन. व्हिडिओवर तेवढं तोंड दाखव तिचं."

"दाखवते की," मी म्हणाले.

"आन ती पाटी? आणलीस का?"

पाटी दारावरच राहिली होती. मी विसरले नव्हते; उतरताना बघितलीही होती. रविकिरण पुढे उभे होते, आणि त्यांच्यासमोर ती काढायला नको वाटलं.

"राहिली ताई."

"राहू दे," त्या म्हणाल्या.

आता शिवन्या माझ्याकडेच झोपते. मला चिकटून. रविवारी अकराच्या सुमाराला फोन वाजतो. ती हातातलं टाकून पळत येते, स्क्रीनवरचा छोटा फोटो बघते आणि विचारते, "मोठाई?"

"नाही गं," मी म्हणते. "कंपनीचा फोन आहे." आणि वाजून बंद होईपर्यंत तो उशीखाली दाबून धरते.