वाऱ्याची शिकवणी

मित्रांनो, शिकार मी कधी केली नाही आणि युद्धही पाहिले नाही. कागदावरच्या काळ्या वर्तुळाखेरीज कशालाच मी जखम केलेली नाही. मी नॉर्वेतल्या एका डोंगरगावाच्या नेमबाजी मंडळाची, सरावाची जुनी रायफल आहे. पॉइंट टू-टू कॅलिबरची, म्हणजे सर्वांत बारीक नळीची, सर्वांत धाकटी.

माझा दस्ता याच खोऱ्यातल्या बर्चच्या लाकडाचा. हिवाळाभर शाळेच्या तळघरात सारे गाव माझ्यावर हात बसवी. बर्फ वितळून उतारावरचे मैदान खुले झाले, की मात्र मला कपाटात कोंडत आणि तीनशे मीटरवरच्या नेमासाठी मोठ्या कॅलिबरच्या रायफली बाहेर काढत. हलकी गोळी वाऱ्यात भरकटते, तिचे उघड्यावर काय काम, अशी गावाची समजूत.

एका वसंतात गुडवेग नावाच्या मुलीला गावाच्या संघातली उरलेली एकुलती जागा मिळवायची होती. पण मोठ्या रायफलीच्या धक्क्याची धास्ती तिच्या खांद्यात मुरली होती. चाप ओढण्याआधीच तिचे डोळे मिटत.

"स्पर्धा जिनं, सराव तिनंच," तिचे वडील तूरग्रिम म्हणाले. "बादलीत उतरून कुणी पोहायला शिकतं का?"

"आणि बुडणाऱ्या पोरीला आणखी खोल ढकलायचं, असंच ना दादा?" असे म्हणत आस्लाउगआत्याने मला कपाटातून काढले. "हिची गोळी शंभर मीटरवरच वाऱ्यापुढे मान टाकते. मला तेच हवंय."

पहिल्या दिवशी माझ्या गोळ्या कागदाच्या कडेला गेल्या. कॉफीच्या टेबलाकडून कुणीतरी म्हणाले, "आस्लाउग, तुझी शेळी कुरण सोडून निघाली गं."

"चरू दे की. गुडवेग, तू शेळीकडे नको, गवताकडे बघ."

माझ्यात धक्का नव्हता, म्हणून तिचे डोळे उघडे राहू लागले. आणि डोळे उघडे राहिले, तेव्हा तिला वारा दिसू लागला.

निवडीच्या दिवशी तिच्या हाती मोठी रायफल होती. मी मागे बाकावर पडून होते. शेवटची गोळी उरली आणि वाऱ्याची दिशा दाखवणारे निशाण अचानक उलट्या दिशेने फडकले. शेजारच्या नेमबाजांनी घाईने चाप ओढले. गुडवेगने मात्र बोट सैल केले.

"मार गं, वेळ चाललाय," तूरग्रिम पुटपुटले.

"दादा, गप," आस्लाउगआत्या म्हणाली.

दूरवरचे गवत हळूहळू ताठ झाले. मग बार झाला. लक्ष्याखालच्या खंदकात बसून नेम दाखवणाऱ्या माणसाने काठीवरची चकती उचलून वर्तुळाच्या मध्यावर टेकवली. मी मात्र तिच्याकडे पाहत होते. तिचे डोळे उघडे होते.

संघात आता ती होती. सगळे तिच्याभोवती जमले, तेव्हा तूरग्रिम बाकापाशी आले आणि त्यांनी माझी नळी तेलाच्या फडक्याने पुसली. त्यानंतर कित्येक उन्हाळे मी उघड्या मैदानावर सरावाला होते.

आता मंडळात नव्या रायफली आहेत. तळघराची ओल माझ्या पोलादात उतरते आहे. मित्रांनो, ज्या धाकट्या वस्तूने तुम्हाला न दुखवता शिकवले, तिला काम सरल्यावर विसरू नका. बोल्ट, म्हणजे मागची सरकती कडी, काढून माझ्या नळीतून पाहिले, तर पलीकडे अजून उजेडाचा एक लहानसा गोल दिसतो. तो दिसत राहावा, एवढ्यासाठी नळी पुसत राहा.