कॉलनीला सांगितलेली शुगर

पुंजाजींना टीबी निघाला तेव्हा घरातला पहिला प्रश्न त्यांचं काय होईल हा नव्हता, लोकांना काय सांगायचं हा होता. धाकट्या लेकीचं, भावनाचं लग्न अकोल्याच्या पाहुण्यांशी जुळत आलं होतं. अशात बापाला टीबी म्हटलं की पाहुणे पुन्हा फोन उचलत नाहीत.

"शुगर सांगू," मुलगा अश्विन म्हणाला. "शुगरनंही माणूस वाळतेच."

अकोल्यात कॉलेजवर शिकवणारी थोरली प्रियदर्शनी दोन दिवसांसाठी अमरावतीला आली होती. भरपूर वाचणारी बाई. पण तिलाही ते सोयीचं वाटलं. शुगर तशी इभ्रतीची. ती साहेबांना असते, डॉक्टरांना असते. टीबीवाल्याच्या घरी मात्र कोणी पाण्याचा पेला हातात घेत नाही.

मग कॉलनीत पुंजाजींची शुगर गाजू लागली. शेजारचे खुशालराव जुने शुगरवाले. सोबती मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता येईना. रोज सकाळी ते फाटकाशी उभे. "चला पुंजाजीभाऊ! पडून राहाल तं हे बीमारी खाऊन टाकीन तुमाले." पुंजाजी खोकत खोकत त्यांच्या खांद्याला धरून गल्ली फिरून येत. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी त्यांच्या ताटातली बुंदी उचलून घेई. कोणी कारल्याचा रस पाठवी. तो सत्यभामाबाई न्हाणीत ओतत.

कारण दार लोटलं की घरात वेगळाच कारभार होता. टीबीच्या माणसाला खुराक लागतो. तुपातला शिरा, डिंकाचे लाडू, शेंदूरजनाघाटच्या नातेवाइकांकडून आलेल्या संत्र्यांचा रस, त्यात वरून साखर. "खा. त्याहीले काय मालूम तुमाले काय लागते," सत्यभामाबाई नवऱ्याला म्हणत. शेजारी कसे फसले, याचं त्यांना थोडं हसूही येई.

सरकारी केंद्रात गोळ्या सुरू करताना सिस्टरने विचारलं होतं, "शुगर तपासली का? टीबीच्या प्रत्येक पेशंटची तपासतो आम्ही. पुष्कळांना असते आणि त्यांना पत्ताच नसतो."

"त्यांना शुगर नाही," अश्विनने ठणकावून सांगितलं.

सगळ्या कॉलनीत हे इतक्या खात्रीने सांगू शकणारं तेवढं एकच घर होतं. शुगर त्यांनीच तर बनवली होती. सिस्टरने उद्या उपाशीपोटी घेऊन या म्हणून सांगितलं. त्या उद्याला कोणी गेलं नाही.

गोळ्या नियमाने चालू होत्या आणि वजन उतरतच होतं. सारखी तहान लागे, सारखं लघवीला उठावं लागे. औषधं गरम पडतात, असं घरात ठरलं आणि रसाचा पेला मोठा झाला.

पुढच्या खेपेला प्रियदर्शनी आली तेव्हा वडील तिला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारत होते. तिने कोणाला न विचारता ऑटो बोलावला. दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाला टोचून रक्त घेतलं. शुगर इतकी चढली होती की आकडा यंत्राला दाखवता येईना.

"शुगर कधीपासून आहे यांना?"

या प्रश्नाचं उत्तर कॉलनीतल्या लहान पोरालाही पाठ होतं.

पुंजाजी त्याच आठवड्यात गेले.

दिवसकार्याच्या पुण्यानुमोदनाला खुशालराव पुढे बसले होते. बुद्धवंदना आटोपल्यावर सत्यभामाबाईंजवळ सरकले. "वयनी, राग नोका मानू. पथ्य पाळलं नाई त्याहीनं. मी रोज बोंबलून राहिलो होतो का गोड बंद करा. तुमी मनावर घेतलं नाई."

"चुकलं भाऊजी," सत्यभामाबाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांत बाहेरच्या माणसाशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

सगळं नीट जुळून आलं होतं. शुगर होती, पथ्य नव्हतं, माणूस गेला. अकोल्याचे पाहुणेही येऊन हळहळत बसले होते. आता कोणी एक शब्द बोलायची गरज नव्हती. खुशालरावांनी रुमाल तोंडाशी धरला आणि बराच वेळ खोकत राहिले. "हवा बदलली," ते म्हणाले. "महिना झाला, जातच नाई."

प्रियदर्शनी उठून त्यांच्यासमोर येऊन बसली. अश्विनने तिच्यावर डोळे वटारले.

"काका, उद्या माझ्यासोबत टीबीच्या केंद्रात चला."

"मी? काहून वं? मले तं शुगर हाय."

"म्हणूनच. शुगरवाल्याला तो लवकर धरतो." तिने आवाज खाली आणला नाही. "बाबांना टीबी होता, काका. तुम्ही रोज त्यांच्यासोबत फिरत होता."

पाहुण्यांनी हातातले पाण्याचे पेले खाली ठेवले. भावना मान खाली घालून बसली होती. खुशालराव रुमालाची घडी घालत राहिले, उलगडून पुन्हा घालत राहिले.

"मंग शुगर?" शेवटी त्यांनी विचारलं. "ते तं होती ना त्याले?"

"होती, काका."