बत्तिसाव्या पानाने छळलेली गिटार

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, बिघाड माझ्यात नव्हता. माझ्या डोक्यावर सहा खुंट्या आहेत. त्या पिळल्या की तारा ताणतात किंवा सैल होतात. मध्यंतरी महिनाभर त्या इतक्या पिळल्या गेल्या, की वर्गातल्या व्रात्य पोराचे कानही कुणी तेवढे पिळले नसतील.

मला घडवणारा सुतार फळीवर टिचकी मारायचा, ऐकायचा आणि मगच तिला हात लावायचा. असल्या घरची मी! तिथून मी एका बाइंडरकडे आले. तो दिवसभर पुस्तके शिवायचा आणि संध्याकाळी मला मांडीवर घ्यायचा. बावीस वर्षे वाजवले त्याने मला. शेजारीण हातातले काम टाकून खिडकीत यायची. "आवाज आहे की मध!" म्हणायची. मी उगाच लाजले नाही. खरे तेच म्हणत होती ती.

मग कागद कापायच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची मधली दोन बोटे सापडली. बोटे वाचली, पण वाकेनात. पूर्वीसारखे वाजवायचे तर चार बोटे लागतात. झाले! वर्षभर मी कपाटावर, शेजारी मोडका पंखा.

एक दिवस त्याला रद्दीत गिटार शिकवणारे पुस्तक मिळाले, शिवण उसवलेले. त्यात लिहिले होते, की तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावल्या तर एकच बोट आडवे ठेवूनही सगळ्या मिळून गोड बोलतात. दुखऱ्या हाताला आणखी काय हवे? त्याने त्या सोळा-सोळा पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, घरीच शिवले आणि वर देखणा पुठ्ठा चढवला. एरवी शिवण्याआधी प्रत्येक पुस्तकाचे फर्मे ताई तपासायची. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दुकान तिच्याच धाकात चालते. पण हा म्हणाला, "घरचंच तर पुस्तक. त्याला कसली तपासणी!"

तिथेच घात झाला.

बत्तिसाव्या पानाने सांगितले, जाड तीन तारा अमुक सुरांवर लावा, बाकीच्यांचे पुढे पाहा. पुढले पान म्हणाले, बारीक बाजूने तिसरी तार आणखी ताणा, तिच्यापुढच्या बारीक दोन आहेत तशा राहू द्या. त्याने तसेच केले. मी जे ओरडले, ते माझे मलाच ऐकवेना. एका स्वयंपाकघरात दोन भांडकुदळ जावा! त्याने पुन्हा पिळले, पुन्हा तेच. तिसरी तार तर दोनदा तुटली.

"पुस्तकात लिहिलंय तस्संच करतोय," तो करवादला. "हिचंच लाकूड वाकलं असणार."

लाकूड वाकलं म्हणे! वर्षभर धूळ खाऊनही सरळ राहिले मी, आणि हा दहा दिवसांत मला वाकडी ठरवून मोकळा.

महिना भरला तसा त्याने डावा हात खिशात कोंबला आणि म्हणाला, "रविवारी वाद्यवाल्याला देऊन टाकतो. नाही जमत मला आता. संपला विषय."

रविवारी सकाळी वाद्यवाला दारात उभा राहिला, तेव्हा ताईने पुस्तक ओढून घेतले.

"मी तिसरीत शाळा सोडली, पण आकडे येतात मला. बत्तीसनंतर किती रे?"

"तेहेतीस."

"मग हे काय छापलंय?"

तो वाकला. "एकोणपन्नास."

"दोन फर्मे मागेपुढे शिवलेस. अर्धं एका धड्याचं, अर्धं भलत्याच धड्याचं."

"मी चुकीचं शिवीन होय, ताई?"

"मग काय, गिटारीने शिवलं?"

वाद्यवाला हसला. बाइंडर मात्र कानापर्यंत लाल झाला. पाने उलटत त्याने मागे दडलेले तेहेतिसावे पान काढले. तिथे लिहिले होते, उरलेल्या तिन्ही तारा सैल करा. सैल! आणि हा मला महिनाभर ताणत होता.

त्याने त्या तिन्ही तारा एकेक करून सैल केल्या. पहिले बोट माझ्या दांड्यावर आडवे टेकवले. न वाकणारी दोन बोटे तशीच ताठ उभी. उजव्या हाताने हलकेच छेडले, आणि सहाही तारा एका तोंडाने बोलल्या. तो तेच पुन्हा वाजवत बसला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता त्याचा.

"मग, नेऊ ना हिला?" वाद्यवाल्याने विचारले.

"अहो, वाजवतोय तो, दिसत नाही का?" ताई खेकसली.

माझी माफी? ती कुणीच मागितली नाही, मित्रांनो. असो. पण तुमच्या घरातली एखादी वस्तू अचानक वेडेवाकडे बोलू लागली, तर तिला दाराबाहेर काढण्याआधी आपल्या हातून काय झाले ते एकदा शोधा. आम्ही खरे तेच सांगत असतो. तुम्हाला ते बेसूर वाटते, त्याला आम्ही काय करणार?