काशीरामचं गाऱ्हाणं

बाळाच्या नव्या रिक्षाला झेंडूचा हार घालून झाला, नारळ काशीरामच्या हातात आला आणि जोगेश्वरीच्या त्या चाळीतले सगळे पुरुष डोक्यावर टोपी, रुमाल, जे सापडेल ते ठेवून उभे राहिले. गिरणी संपात बुडाल्यापासून काशीराम अंधेरीच्या एका कचेरीत लिफ्ट चालवायचा. तिथे त्याला कुणी नावानेसुद्धा ओळखत नसे. पण हातात नारळ आला की तो देवाशी इतका मोकळेपणाने बोले, की दोघे एकाच शाळेत होते असं वाटावं.

"बा देवा म्हाराजा, ह्या बाळान आज रिक्षा घेतल्यान हा. तेका बरी गिराइका गावांदेत."

"व्हय म्हाराजा!" चाळीने साथ दिली.

बारसं असो की बोर्डाची परीक्षा, चाळीच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मागणं मांडायचं, ते काशीरामनेच. शेजारच्या खंडूचा जुना खोकला त्याच्या गाऱ्हाण्याने गेला, असं लोक म्हणत. काशीरामही ते कधी खोडून काढत नसे.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच बायकोचं ऑपरेशन होतं. प्रेमाच्या पोटात गाठ होती, आणि ती कसली, हे पोट उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. तिला इस्पितळात दाखल केलं होतं. काशीराम घरी आला, दिवा लावला, नारळ घेऊन देवासमोर उभा राहिला. "बा देवा म्हाराजा," एवढं म्हणाला आणि अडला. चाळभराची दुखणी ज्याच्या जिभेवर असत, त्याला स्वतःचं दुखणं काही सांगता येईना. शिवाय "व्हय" म्हणायला घरात होतं कोण? नारळ ठेवून त्याने फळीवरचे पितळी डबे चिंचेने घासायला काढले. घासलेले पुन्हा घासले. तेवढा वेळ बरं वाटलं. हात थांबले की भीती परत यायची.

सकाळी तो इस्पितळात पोचला तेव्हा प्रेमाला हिरवा झगा चढवला होता. त्यात ती अगदीच लहान दिसत होती. काय बोलावं ते न सुचून त्याने बाळाच्या रिक्षाची गोष्ट सांगितली.

"आणि माझा गाऱ्हाणा घातलात?" तिने विचारलं.

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण इतक्या वर्षांच्या संसारात ते त्याला एकदाही साधलं नव्हतं.

"नाय गो. शब्दच गावाक नाय."

"रिक्षेक बरे गावले."

ती रागावली नव्हती. त्यांच्या गावी बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही. पदर घेऊन मागे उभं राहायचं आणि ऐकायचं. प्रेमाने जन्मभर ऐकलं होतं. तिने पदर घ्यायला हात वर नेला, अंगावर पदर नव्हता, म्हणून चादरच कपाळापर्यंत ओढली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा आज परक्या जाग्यार बसान तुका हाक मारतत."

शेजारच्या खाटेवर वेसाव्याची कोळीण सरूबाई होती. तिला ही रीत ठाऊक नसावी, पण कुणीतरी हो म्हणायला हवं एवढं तिला कळलं.

"व्हय," ती म्हणाली.

"माझा काय करूचा ता तुझा तू ठरव," प्रेमा पुढे म्हणाली. "पण ह्या माणसाक भात रांधूक येणा नाय. चष्मो खय ठेवलो ता गावना नाय. जगाचा मागता, सोताचा मागूक लाजता. तेका एकटो पाडू नको रे म्हाराजा."

आता उत्तर द्यायचं होतं काशीरामने. ज्याचा आवाज चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत जात असे, त्याचं "व्हय म्हाराजा" खाटेच्या दांडीपलीकडेही गेलं नाही. पण प्रेमाला ते पोचलं. तिने मान हलवली आणि चादर खाली केली.

स्ट्रेचर आलं. तो ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत चालत गेला. दार मिटलं तरी तिथेच उभा राहिला. बराच वेळ झाला तसा शिपाई जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, इथे थांबायचं नसतं. तिकडे बाकावर बसा."

काशीरामने डोक्यावरची टोपी सारखी केली, हात जोडले.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.